मदत हवी आहे: मूत्रनलिकेचा कॅन्सर, किडनी काढायची की ठेवायची?

नमस्कार मंडळी, आम्ही तासगावचे. अण्णांना (वय ६८) दुखणं काहीच नव्हतं, फक्त लघवी लाल. सीटीत डाव्या मूत्रनलिकेत (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी नळी), अगदी मूत्राशयाजवळ, दीड सेंटीमीटरची गाठ निघाली. दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट 'लो ग्रेड' (कमी आक्रमक), लघवीच्या सायटॉलॉजीत कॅन्सरच्या पेशी नाहीत.

मिरजेतले डॉक्टर म्हणतात, किडनी, अख्खी नलिका आणि नलिका जोडलेला मूत्राशयाचा भाग काढून मोकळं व्हा. पुण्यातले म्हणतात, एकच गाठ, २ सेंटीमीटरच्या आत, लो ग्रेड. नलिकेचा खालचा तुकडा काढून उरलेली मूत्राशयाला जोडू.

अण्णांना जुनी शुगर, क्रिएटिनिन १.८, म्हणजे किडनी आधीच थोडी कमजोर. म्हणून मन पुण्याकडे झुकतंय. पुढे सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) द्यायची वेळ आली तर किडनी धड हवीच ना. मूत्राशयाची तपासणी दोन्हीकडे चुकत नाही, पण किडनी ठेवली तर वरच्या नलिकेवरही कायम नजर ठेवावी लागणार. आणि द्राक्षांच्या छाटणीत अण्णा डॉक्टरांची तारीख पाळतील, ही गॅरंटी मी देत नाही!

कुणाच्या घरी किडनी ठेवून ऑपरेशन झालंय का? गाठ परत आली का? महात्मा फुले योजनेत कुणाचं बसलं? काढे, जडीबुटी कृपया सुचवू नका, त्या पावण्यांनी आधीच सुचवून झाल्यात.