एकच सीट दोघांना: चालू सर्व्हरमधली रेस पकडायची कशी?

मांडवीकाठ
बस आरक्षणाचा सर्व्हर आहे. सी प्लस प्लस, लिनक्स, १६ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे). चवथीच्या तोंडावर पणजी-मुंबई गाड्यांना गर्दी झाली की अधूनमधून एखादी सीट दोघांच्या नावावर चढते. रेस वाटते, म्हणजे दोन थ्रेड एकाच वेळी त्याच डेटाला हात घालतात; पण लॉग वाढवला की चूक गायब. हेलग्रिंड या रेस शोधणाऱ्या साधनाखाली सगळं इतकं रखडतं की रिक्वेस्ट टाइमआउट होतात. कंपाइलरमधला थ्रेड सॅनिटायझर (तोही रेसच शोधतो) लावला तर सुरू होतानाच ‘अनपेक्षित मेमरी मॅपिंग’ म्हणत बंद पडतो.

डिचोलीकर
मॅपिंगची भानगड तुमच्या कोडची नव्हे. लिनक्सच्या काही नव्या कर्नलांवर (गाभ्यांवर) मेमरीच्या पत्त्यांची सरमिसळ ३२ बिटांची असते, ती सॅनिटायझरच्या ठरलेल्या मांडणीत मावत नाही. ‘व्हीएम.एममॅप_आरएनडी_बिट्स’ हे कर्नल सेटिंग सिसकंट्रोल कमांडने २८ वर आणा.

मग बिल्ड. सॅनिटायझरचा फ्लॅग कंपाइल आणि लिंक, दोन्हीकडे हवा. सोबत डीबग माहिती आणि ओ-१ (कंपाइलरचं हलकं ऑप्टिमायझेशन). ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका शोधणारा) त्याच बिल्डमध्ये चालत नाही. स्वतःच्या लायब्रऱ्याही याच फ्लॅगने बांधा, नाहीतर त्यांच्या आतलं ॲटॉमिकवर (मध्ये दुसरा थ्रेड घुसू न शकणाऱ्या क्रियांवर) उभारलेलं लॉकिंग दिसत नाही आणि खोटे इशारे येतात. वेग ५ ते १५ पट कमी, मेमरी ५ ते १० पट जास्त. तेव्हा टेस्ट सर्व्हरवर लोड टाकून चालवा.

आणि लॉग बंद ठेवा! लॉगरच्या आत म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक, असतो. दोन थ्रेड त्यातून एकामागून एक गेले की त्यांच्यात क्रम लागतो, आणि सॅनिटायझर क्रमच तपासतो. क्रम दिसला की रेस झाकली जाते. शिवाय दर ८ बाइटमागे तो शेवटचे मोजकेच, ४ ॲक्सेस लक्षात ठेवतो. एका रनवर विसंबू नका.

कुशावती_७
सीटच्या फ्लॅगला व्होलाटाइल (किंमत दरवेळी मेमरीतूनच वाचायला लावणारा शब्द) लावून बघा.

डिचोलीकर
नको. सी प्लस प्लसमध्ये व्होलाटाइलने थ्रेडांत क्रम लागत नाही. ॲटॉमिक वेगळं.

तिसवाडीकर
सॅनिटायझर गप्प राहिला तरी चकित होऊ नका. लक्षण वेगळंच वाटतं: लॉक घ्या, सीट रिकामी आहे का बघा, लॉक सोडा, पुन्हा लॉक घ्या, नाव टाका. प्रत्येक ॲक्सेस लॉकखाली, म्हणजे डेटा रेस नाहीच. तरी मधल्या फटीत दुसरा थ्रेड तीच सीट रिकामी बघून जातो. हे कुठलाही डेटा रेस डिटेक्टर सांगणार नाही.

पकडायचं तर नाव टाकण्याच्या लगेच आधी, त्याच लॉकखाली, सीट अजून रिकामी आहे का हे पुन्हा तपासा. नसेल तर ॲबॉर्ट, म्हणजे प्रोग्राम तिथेच पाडा. पडतानाच्या मेमरीची प्रत, कोअर डंप, जीडीबी डीबगरमध्ये उघडून ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ द्या; प्रत्येक थ्रेड कुठे होता ते दिसेल. टेस्टमध्ये त्या फटीत ० ते ५ मिलिसेकंदांचा रँडम स्लीप घाला, चूक मिनिटांत वर येईल. डेटाबेसवर फेरी, तारीख, सीट या तिघांवर मिळून युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेणारा नियम) आजच लावा, निदान तिकीट तरी दुबार छापणार नाही.

मांडवीकाठ
त्या फटीतच भाडं काढणारं फंक्शन बसलंय. स्लीप घालताच ॲबॉर्ट आला.