दाण्याआधी दात बघा

म्हातारा घोडा हाडकत चालला तर काय खायला द्यावं, या प्रश्नावर दोघांनी सुचवलंय की चणे वाढवले की तो अंगाने भरेल. चणे वाईट नाहीत, पण आधी गव्हाणीखाली बघा. डिचोलीत आमच्या 22 वर्षांच्या घोडीच्या बरगड्या दिसू लागल्या, तेव्हा आम्हीही दाणाच वाढवत बसलो. खाली चघळून टाकलेले गवताचे ओले बोळे पडायचे, ते कुणी मनावरच घेतलं नाही. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा झिजत नाहीत, धारदार होऊन गाल कापतात. डॉक्टरांनी कानशीने दाढा घासल्या, आठवड्याभरात बोळे थांबले.

मग चारा बारीक कापून भिजवलेला, जव शिजवलेले, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. तेल दोन चमच्यांपासून हळूहळू वाढवलं. आणि गोव्यात हे विसरू नका: इथल्या उकाड्यात सकाळी भिजवलेलं दुपारपर्यंत आंबतं, त्याने पोटशूळ उठू शकतो. दर वेळी ताजं भिजवा, बादली लगेच धुवा. छातीचा घेर आम्ही सुतळीने मोजून गाठ मारून ठेवायचो. दोन महिन्यांनी गाठ तीन बोटं पुढे बांधावी लागली.