मदत हवी आहे: कडुलिंबाच्या अर्कातला टायटॅनियम डायऑक्साइड टोल्युइनपुढे थांबतोय

नमस्कार मंडळी,
आमच्या घराखाली फर्निचर पॉलिशचं दुकान आहे. थिनरच्या वासाने आजीला दिवसभर खोकला. म्हणून एमएस्सीच्या प्रकल्पाला हाच विषय घेतला: थिनरमधल्या टोल्युइनची वाफ प्रकाशात जाळून टाकणारी टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी बनवायची. आणि आता अडलेय.

कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून 80 अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवला. गाळलेल्या अर्कात टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड (ज्यापासून टायटॅनियम डायऑक्साइड बनतो ते द्रव) थेंब थेंब सोडलं, गाळ धुऊन वाळवला आणि 400 अंशांवर दोन तास भट्टीत ठेवला. भुकटी पांढरी नाही, फिकट तपकिरी आली. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) ॲनाटेज, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचं हवं ते स्फटिकरूप, दिसतोय.

चाचणीसाठी घेतलेल्या मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग दोन तासांत गेला, तेव्हा फार आनंद झाला होता. पण 20 लिटरच्या डब्यात टोल्युइनची वाफ सोडली, तर पांढऱ्या एलईडीखाली काहीच नाही. यूव्ही ट्यूबखाली वाफेच्या सेन्सरचा आकडा तासभर उतरला, मग हलेचना. भुकटी आणखी पिवळी पडली. वायूतले घटक वेगळे करून मोजणारा गॅस क्रोमॅटोग्राफ आमच्याकडे नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
तपकिरी रंग म्हणजे पाल्यातला न जळलेला कार्बन. मिनिटाला 2 अंश असं सावकाश 500 पर्यंत ने, भट्टीत हवा खेळू दे. फार वर गेलीस तर ॲनाटेजचं रुटाइल हे दुसरं स्फटिकरूप व्हायला लागेल.

ॲनाटेजला साधारण 388 नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश लागतो, तो पांढऱ्या एलईडीत जवळपास नसतोच. मेथिलीन ब्लूवर विसंबू नकोस. तो कणांना चिकटतो, शिवाय स्वतःच प्रकाश शोषतो.

टोल्युइन अर्धवट जळून बेंझाल्डिहाइड, बेंझोइक आम्ल होतं आणि पृष्ठभागावर बसून राहतं. तुझा पिवळेपणा बहुधा तोच. टोल्युइनऐवजी आधी ॲसिटोनसारखा सोपा रेणू घे आणि डब्यात साधा सीओटू सेन्सर ठेव. वास गेला म्हणजे वाफ जळली असं नाही, सीओटू वाढला तरच जळली. 20 लिटरमध्ये 5 मायक्रोलिटर ॲसिटोन म्हणजे सुमारे 80 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 80). सगळं जळलं तर सीओटू 240 ने वाढेल, कारण रेणूत कार्बन तीन. पण आधी वाफ न सोडता, नुसत्या भुकटीवर यूव्ही लावून बघ. चष्मा विसरू नकोस.

धागाकर्ती
ताई, खूप आभार. कालच लावून पाहिलं. वाफ नसतानाही चार तासांत सीओटू 70 ने वाढला, म्हणजे पाल्याचा कार्बनच जळत होता! नवी भुकटी आत्ता भट्टीत आहे, 500 ला.