पॅलेडियम-निकेल उत्प्रेरक: विवर्तनातील शिखर सरकलेले नाही, तर त्याला संमिश्र म्हणावे का?

अर्धघट (प्रश्न)

अल्कलीयुक्त इंधन घटात इथेनॉलचे ऑक्सिडीकरण करण्यासाठी मी कार्बनवर पॅलेडियम-निकेल उत्प्रेरक तयार केला आहे. दोन्ही धातूंची क्लोराइडे समान मोल प्रमाणात घेऊन सोडियम बोरोहायड्राइडने एकत्रच क्षपण केले. १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि १ मोलर इथेनॉल असलेल्या द्रावणात घेतलेल्या चक्रीय व्होल्टॅमेट्रीत (विभव पुढे-मागे फिरवत प्रवाह मोजण्याच्या पद्धतीत), दर मिलिग्रॅम पॅलेडियममागे मिळणारा प्रवाह निव्वळ पॅलेडियमच्या जवळपास तिप्पट आहे. पुढच्या आणि परतीच्या शिखरांचे गुणोत्तरही वाढले असून, उत्प्रेरकाची विषबाधा (चिकटलेल्या अवशेषांनी पृष्ठभाग निकामी होणे) कमी झाल्याचे लक्षण म्हणून ते सर्रास दाखवले जाते.

तरीही दोन गोष्टी जुळत नाहीत. क्ष-किरण विवर्तनात पॅलेडियमचे (१११) या स्फटिक-प्रतलाचे शिखर ४०.१ अंशांवरून हललेले नाही आणि निकेलचे वेगळे शिखरही नाही. शिवाय विभव स्थिर ठेवला, की अर्ध्या तासात प्रवाह निव्वळ पॅलेडियमइतकाच उरतो. मार्गदर्शकांच्या मते शोधनिबंधात ‘संमिश्र’ (एकजीव झालेला मिश्रधातू) लिहायला हरकत नाही. मला मात्र ते खटकते. एक जोडप्रश्नही आहे: पॅलेडियम पूर्ण वगळून केवळ निकेल-तांबे वापरता येईल का?

जालकांतर (उत्तर)

आपल्याला खटकते ते योग्यच आहे. पॅलेडियमचा जालक स्थिरांक (स्फटिकातल्या एकक घनाची बाजू) ३.८९ अँगस्ट्रॉम आणि निकेलचा ३.५२. दोन्ही धातू समप्रमाणात एकजीव झाले असते तर तो ३.७० च्या आसपास आला असता आणि तांब्याच्या लक्ष्यापासून मिळणाऱ्या क्ष-किरणांखाली (१११) शिखर साधारण ४२.३ अंशांवर दिसले असते. चार नॅनोमीटरच्या कणांचे शिखर स्वतःच दोन अंश रुंद असते, त्यामुळे अर्ध्या अंशाचा फरक कदाचित नजरेतून सुटेल, पण दोन अंशांचा सुटणार नाही.

हे घडले कसे, तेही सरळ आहे. पॅलेडियम आयनांचा प्रमाण क्षपण विभव सुमारे +०.९५ व्होल्ट, तर निकेलचा सुमारे −०.२६ व्होल्ट आहे. एवढी तफावत असताना बोरोहायड्राइड आधी पॅलेडियम खाली बसवते, मागाहून निकेल येते, आणि तेही पुष्कळदा बोराइड किंवा हायड्रॉक्साइडच्या अस्फटिक रूपात, म्हणून विवर्तनात ते दिसत नाही. खरे संमिश्र हवे असेल तर नमुना हायड्रोजनमिश्रित वायूत काही शे अंशांवर तापवावा लागेल, कारण उच्च तापमानाला हे दोन धातू कोणत्याही प्रमाणात एकमेकांत विरघळतात. मात्र त्यात कण वाढतात आणि पृष्ठफळ घटते.

संमिश्र झाले नाही म्हणून काम वाया गेले असे नाही. वातानाबे आणि मोतू यांनी १९७५ मध्ये प्लॅटिनम-रुथेनियमसाठी मांडलेली द्विकार्यी यंत्रणा येथेही लागू पडते: शेजारचे निकेल हायड्रॉक्साइड ऑक्सिजनयुक्त गट पुरवते आणि पॅलेडियमवर चिकटलेले अवशेष त्यांच्या साहाय्याने निघून जातात. ‘पॅलेडियम-निकेल हायड्रॉक्साइड’ असे लिहिल्यास परीक्षकाला बोट ठेवायला जागा राहणार नाही.

निक्षेप

पुढच्या-परतीच्या शिखरांच्या गुणोत्तराचा मुद्दा काढूनच टाकावा, असे मी म्हणेन. परतीचे शिखर मागे राहिलेल्या कार्बनी अवशेषांचे नसून, पॅलेडियम ऑक्साइडचे क्षपण होऊन मोकळ्या झालेल्या पृष्ठभागावर नव्याने आलेल्या इथेनॉलचे असते. तोच इलेक्ट्रोड घेऊन वरची विभवमर्यादा बदलून पाहा, गुणोत्तर बदललेले दिसेल.

तिप्पट प्रवाहाकडेही जरा संशयाने पाहावे. निकेलमुळे पॅलेडियमचे कण केवळ बारीक झाले असतील तरी दर मिलिग्रॅमचा आकडा वाढतो. पॅलेडियम हायड्रोजन पोटात घेते, त्यामुळे हायड्रोजनच्या शिखरांवरून पृष्ठफळ काढता येत नाही. इथेनॉल नसलेल्या द्रावणात ऑक्साइड क्षपणाचा प्रभार मोजून त्याला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४२० मायक्रोकूलॉम या मानाने भागावे.

प्लॅटिनमची तार प्रतिइलेक्ट्रोड (मंडल पूर्ण करणारा दुसरा इलेक्ट्रोड) म्हणून वापरत असाल तर ग्रॅफाइट लावा. माझ्या एका मालिकेतला सगळा ‘टिकाऊपणा’ तारेतून सुटून इलेक्ट्रोडवर बसलेल्या प्लॅटिनमचा निघाला होता, आणि ते कळायला चार महिने गेले.

निकेल-तांब्याबद्दल थोडक्यात: निव्वळ निकेलवर अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड तयार झाल्यावर, म्हणजे प्रतिवर्ती हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या (विभव मोजण्याच्या संदर्भाच्या) तुलनेत १.३५ व्होल्टच्या पुढे सुरू होते. ऑक्सिजनचा कॅथोड प्रत्यक्षात ०.८ ते ०.९ व्होल्टवर चालतो, म्हणजे असा घट वीज देण्याऐवजी मागेल. विद्युत्‌विघटनासाठी हा पदार्थ उत्तम. इंधन घटासाठी नाही.

अर्धघट

आपण दोघांनी सांगितलेले करून पाहिले. पृष्ठफळ निव्वळ पॅलेडियमच्या दुप्पट निघाले, म्हणजे तिपटीतली खरी वाढ दीडपटच उरली. वरची मर्यादा ०.२ व्होल्टने वाढवताच गुणोत्तर बदलले, तेव्हा तो परिच्छेद काढला. ग्रॅफाइट लावूनही प्रवाहाची घसरण तशीच आहे, पण ताज्या द्रावणात पाच-सहा चक्रे फिरवल्यावर प्रवाह जवळजवळ पूर्ववत होतो.

निक्षेप

पूर्ववत होतो याचा अर्थ उत्प्रेरकाचा थर निघून आलेला नाही आणि कणही फारसे वाढलेले नाहीत. पृष्ठभाग झाकला जात आहे. आता उत्पादन मोजा. पॅलेडियमवर इथेनॉल बहुतांशी अॅसिटेटपाशी थांबते, म्हणजे १२ पैकी ४ इलेक्ट्रॉन मिळतात आणि त्यासाठी रेणूमागे ५ हायड्रॉक्साइड आयन खर्ची पडतात. कार्बन-कार्बन बंध किती तुटला हे कार्बोनेट मोजून ठरवू नका, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइडही त्याच द्रावणात विरघळतो. एकूण प्रभाराशी अॅसिटेटचा हिशेब जुळवा. प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजनच्या केंद्रकांवरून रेणू ओळखणाऱ्या चुंबकीय अनुस्पंदन पद्धतीत) ते १.९ पीपीएमजवळ एकेरी शिखर देते. मात्र तीन मिलिमीटरच्या इलेक्ट्रोडवर अर्ध्या तासात जेमतेम काही मायक्रोमोल तयार होईल, म्हणून कार्बन कागदावर मोठा इलेक्ट्रोड करून, कमी द्रावणात काही तास चालवा, आणि सुरू करण्यापूर्वीच्या द्रावणाचा एक मिलिलिटर तुलनेसाठी झाकून ठेवा.