सिटका बंदरात आठ तास, सोबत सासूबाई. सहल न घेता दिवस वाया जाईल का?

अनुजा_क

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सिॲटलहून अलास्काच्या क्रूझवर निघतोय. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई (वय ७६, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा त्यांच्या भाषेत "अजून ऐकतो"). बाकीच्या बंदरांचं ठरलंय, गाडी अडलीय ती सिटकाला. जहाज सकाळी आठला लागतं, दुपारी चारला सुटतं. नवऱ्याने तीन सहली काढून ठेवल्यात: देवमासे, अस्वलं आणि कयाक. सासूबाई म्हणतात, "मला एखाद्या बाकावर बसवा आणि तुम्ही जाऊन या." मला खरं सांगायचं तर त्यांच्या शेजारी त्याच बाकावर बसायचंय. काहीच बुक न करता गावात रमतगमत फिरलो तर नंतर हळहळ वाटेल का? कुणी असं केलंय का?

बोरूबहाद्दर

केलंय, आणि हळहळ अजिबात नाही. सात दिवसांतला आईच्या लक्षात राहिलेला दिवस तोच.

दोन वर्षांपूर्वी मीही ऑगस्टमध्येच आईला घेऊन गेलो होतो. आदल्या बंदरात हौसेने सहा तासांची बसची सहल घेतली. गाइड बोलतोय, आई झोपलीय आणि मी दर थांब्याला "आई, ऊठ, हिमनदी" करतोय. रात्री जेवताना तिने जाहीर केलं, "उद्या मला कुणी उठवायचं नाही." म्हणून सिटकाला हात हलवत उतरलो.

मोठी जहाजं गावात लागत नाहीत. धक्का उत्तरेला पाचेक मैलांवर आहे. तिथून फुकट शटल बस सुटते आणि हॅरिगन सेंटेनियल हॉलपाशी सोडते. समोरच क्रेसेंट हार्बर, मासेमारीच्या बोटी, बाक. सासूबाईंचा बाक इथे. हॉलच्या आत स्वच्छतागृह आहे, हे आधीच सांगतो, कारण ज्येष्ठांना घेऊन फिरताना पहिली चौकशी तीच असते.

तिथून एका अंगाला पाच मिनिटांवर रशियन चर्च. सेंट मायकल्स, हिरव्या घुमटाचं. मूळचं १८४८ चं, पण जानेवारी १९६६ च्या आगीत जळून गेलं. तेव्हा गावकऱ्यांनी साखळी करून आतली जवळजवळ सगळी धार्मिक चित्रं हातोहात बाहेर काढली. आता उभं आहे ते जुन्या नकाशांबरहुकूम पुन्हा बांधलेलं. आई चित्रं बघण्यापेक्षा "एवढी जड चित्रं कशी काढली असतील" यातच अडकली होती.

पुढे कॅसल हिल. लिंकन स्ट्रीटकडून पायऱ्या आहेत. गुडघ्यांसाठी हार्बर ड्राइव्हच्या बाजूने उताराची वाट धरा. १८ ऑक्टोबर १८६७ ला इथेच रशियाचा झेंडा उतरवून अमेरिकेचा चढवला. अमेरिकेने रशियाकडून अलास्का विकत घेतला होता, किंमत ७२ लाख डॉलर. झेंडा उतरवताना तो काठीलाच गुंडाळून बसला आणि सोडवायला माणूस वर चढवावा लागला. पण आईला आवडली ती वेगळीच गंमत. रशियन अलास्का जुन्या कॅलेंडरवर चालायचा आणि तारीख आशियाची धरायचा. हस्तांतराबरोबर दोन्ही बदललं, त्यामुळे शुक्रवार ६ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी उजाडला शुक्रवार १८ ऑक्टोबर. लागोपाठ दोन शुक्रवार! आईचा पहिला प्रश्न: "मग उपास दोन्ही दिवस का?"

आता खरा ऐवज. हॅरिगन हॉलच्या दुसऱ्या अंगाला, पाण्याच्या कडेने पंधरावीस मिनिटं चाललं की सिटका नॅशनल हिस्टॉरिकल पार्क. उंच स्प्रूस आणि हेमलॉकची झाडं, शेवाळ आणि मधूनच एकदम समोर येणारे टोटेमचे खांब. साधारण मैलभराची वाट, बऱ्यापैकी सपाट. आईने पहिल्याच खांबाला हात जोडले. मी म्हटलं, अगं देव नाहीत हे, इथल्या मूळ रहिवाशांच्या कुळांच्या कथा आहेत, पूर्वज आहेत. "मग तर जोडलेच पाहिजेत." पुढच्या प्रत्येक खांबाला मीही थांबलो, काय करणार.

हे रान नुसतं निसर्गरम्य नाही बरं का. १८०४ मध्ये इथेच त्या मूळ रहिवाशांपैकी त्लिंगित लोकांच्या किक्सआदी कुळाची रशियनांशी लढाई झाली. त्यांचा सेनानी कत्लियान डोक्यावर कावळ्याचं शिरस्त्राण घालून, हातात लोहाराचा हातोडा घेऊन लढला. ते शिरस्त्राण वाटेतल्याच शेल्डन जॅक्सन म्युझियममध्ये आहे. ही अष्टकोनी इमारत छोटी आहे, दमछाक होत नाही. काचेच्या कपाटांखालचे ड्रॉवर स्वतः ओढून बघायचे. तुमच्या लेकीला तिथून हलवणं कठीण जाईल.

आणि ऑगस्टमध्ये जाताय तर इंडियन रिव्हरवरच्या पुलावर थांबाच. खाली पिंक सामन. पाणी इतकं उथळ की माशांच्या पाठी उघड्या पडतात. नरांच्या पाठीला कुबड आलेलं, अंगावर पांढरे चट्टे, शेपट्या झिजलेल्या, तरी प्रवाहाविरुद्ध तोंड करून वळवळत असतात. काही काठाला मरून पडलेले, त्यांच्यावर कावळे. वास येतो, खोटं कशाला सांगू. आई जन्माची शाकाहारी, मला वाटलं नाक दाबून निघेल. तर कठड्याला धरून पाऊण तास उभी. हे मासे जन्मले त्याच ओढ्यात परत येतात, अंडी घालतात आणि मरतात, असं मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाळंतपणाला माहेरी आल्यात." मग जरा वेळाने, "आणि इथे विचारायलाही कुणी नाही."

एक चूक मात्र झाली. शेवटच्या तासाला शटलच्या रांगेत आलो. सगळं जहाज तिथेच! भुरभुर पावसात चाळीस मिनिटं उभे, आईला फोल्डिंग स्टूल नाही. तुम्ही दोन वाजताच परत फिरा.

पावसाळी

वरच्या प्रतिसादाला +१. भर एवढीच की छत्रीपेक्षा टोपीवाला रेनकोट बरा. सिटकात वर्षाला ८५ इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि ऑगस्टपासून वाढतच जातो. मुसळधार नाही, पिरपिर. ढग उघडले तर समुद्रापलीकडे माउंट एजकंब दिसेल, फुजीचा धाकटा भाऊ शोभेल असा ज्वालामुखी. १ एप्रिल १९७४ ला गावातल्या एका वल्लीने हेलिकॉप्टरने जुने टायर त्याच्या मुखात नेऊन पेटवले. गाव धूर बघून हादरलं. विमानातून बघणाऱ्यांना बर्फावर भलीमोठी अक्षरं दिसली: एप्रिल फूल. लेकीला सांगा, बाकी सगळं विसरेल, हे नाही विसरणार.

खारीकखोबरं

जरा वेगळा मुद्दा. सिटका हे साडेआठ हजारांच्या आतबाहेरचं गाव. बाहेरून यायला रस्ता नाही, विमान नाहीतर बोट. गावातला रस्ताच सगळा मिळून चौदाएक मैल. तिथे एकेका दिवशी हजारो क्रूझवाले उतरतात. प्रवाशांवर वर्षाला तीन लाखांची मर्यादा घालावी का, यावर २०२५ च्या मे महिन्यात गावाने मतदान केलं आणि प्रस्ताव फेटाळला. धंदा हवाय, पण डोकंही उठलंय, असा मामला. तेव्हा फूटपाथवर चौघं आडवे चालू नका, लोकांच्या अंगणात फोटो नकोत. आणि सिटका ज्या बॅरनॉफ बेटावर आहे, तिथे तपकिरी अस्वलं आहेत. नदीकाठी डबा उघडू नका, धपाटे असले तरी.

अनुजा_क

सगळ्यांचे मनापासून आभार. @बोरूबहाद्दर, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. माहेरच्या वाक्यावर गप्प झाल्या. दोन शुक्रवारांवर मात्र लगेच, "उपासाचं ठीक आहे गं, पण संतोषीमातेचं व्रत असेल तर दोन दिवस आंबट बंद!" नवरा आणि लेक सकाळी देवमासे बघायला जातील, आम्ही दोघी बाक आणि नदी. एकच शंका, त्या पुलापाशी बसायला काही आहे का?

बोरूबहाद्दर

पुलावर नाही, कठड्याला टेकावं लागतं. फोल्डिंग स्टूल न्या. आमचं नव्हतं ते.