सणाभोवती फिरणारे भयपट सुचवा (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आम्ही लातूरकडची चार-पाच पोरं मिळून येळवशीच्या (वेळा अमावास्या, रानात पूजा करून जेवायचा आमच्याकडचा सण) दिवसावर एक छोटा भयपट करतोय. त्याआधी सणावर बेतलेले चांगले भयपट बघायचे आहेत.

'हॅलोविन' (१९७८) आणि 'ब्लॅक ख्रिसमस' (१९७४) बघून झाले. दोन्ही दमदार, पण तिथं सण मागं राहतो. खुनी माणूसच पुढं येतो. आम्हाला हवी ती भीती 'द विकर मॅन'मध्ये (१९७३) सापडली. स्कॉटलंडजवळच्या बेटावर हरवलेली मुलगी शोधायला आलेला पोलीस, आणि मे महिन्याच्या सणाची तयारी करणारं हसतं-गातं गाव. 'मिडसोमार'ही (२०१९) तसाच, भर उन्हातला. हिंदीत 'स्त्री' (२०१८) आहे, पण त्यात विनोद बराच.

येळवशीत हे सगळं आयतंच आहे. कडब्याची कोप (खोपटं), तिच्यात पांडव म्हणून पुजायचे चुन्यानं रंगवलेले पाच दगड, भज्जी-आंबिलाच्या पंगती, सगळं गाव रानात. मागं गल्लीत कुलपं आणि एखादं म्हातारं माणूस. मला तर रानापेक्षा त्या रिकाम्या गल्लीचीच जास्त धास्ती वाटते.

तर मराठी, कन्नड, तेलुगू, मल्याळम, कुठल्याही भाषेतला असा सिनेमा सांगा, ज्यात सणाच्या विधीतूनच भीती उगवते. दिवसाउजेडी घडणारा असेल तर फारच बरं. आणि एक, सण आमच्या जिवाभावाचा आहे. त्याला किंवा गावाला बट्टा न लावता गोष्ट कशी रचावी, हेही कुणी लिहिणाऱ्यानं सांगितलं तर लई उपकार होतील.