चीफ कीफच्या 'बॅक फ्रॉम द डेड'वर संगीत म्हणून किती जण बोलले?

खर्ज
मार्च 2012. शिकागोच्या दक्षिण भागातल्या 16 वर्षांच्या पोराने एक मिक्सटेप, म्हणजे लेबलशिवाय काढलेला गाण्यांचा संग्रह, इंटरनेटवर फुकट सोडून दिली. नाव 'बॅक फ्रॉम द डेड'. पोरगा कीथ कोझार्ट, म्हणजे चीफ कीफ. पाठीशी मोठं लेबल (रेकॉर्ड कंपनी) नाही, मॅनेजरची फौज नाही. पोलिसांवर पिस्तूल रोखल्याच्या प्रकरणात तो आजीच्या घरी नजरकैदेत होता. सगळ्यात गाजलेल्या 'आय डोन्ट लाइक' गाण्याचा व्हिडिओही घरातच झाला: उघड्या अंगाची पोरं, छोटी खोली, एकच कॅमेरा.

माझं म्हणणं असं की गेल्या दशकभरातल्या रॅपवर या मिक्सटेपइतका ठसा फार थोड्या रेकॉर्ड्सनी उमटवला, आणि तरी तिच्याबद्दल बोलताना लोक संगीतापर्यंत पोचतच नाहीत. या गाण्यांचं संगीत करणाऱ्या यंग चॉपच्या बीट्स नीट ऐका. वर घंटेसारखा थंडगार सिंथ, खाली 808 या ड्रम मशीनच्या खर्जाचा दणका, मध्ये तडतडणारा स्नेअर ड्रम. त्या वेळी चॉपही विशीच्या आतलाच. कीफ शब्दांचे खेळ करत नाही. त्या गाजलेल्या गाण्यात प्रत्येक ओळ नावडत्या गोष्टीचं नाव घेते आणि एकाच पालुपदावर येऊन आदळते. आवाज चढत नाही. धमकी देतानाही पोरगा कंटाळलेला वाटतो, आणि त्या कंटाळ्यानेच अंगावर काटा येतो. हे ज्यांना 'रॅप येत नाही' असं वाटलं त्यांना काय बदललंय ते कळलंच नाही. पुढे लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या पोरांनी ड्रिल, म्हणजे शिकागोची ही रॅपशैली, उचललं, त्याचा ठेका बदलला, आणि 2019 ला न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा रॅपर पॉप स्मोक लंडनच्या 808 मेलो या निर्मात्याच्या बीट्सवर गात होता. सुरुवात इथून आहे.

नाशिककर
खर्ज, लिहिलंय छान, पण सोयीचं तेवढंच लिहिलंय. सप्टेंबर 2012 मध्ये लिल जोजो हा 18 वर्षांचा रॅपर गोळ्या घालून मारला गेला. त्याने कीफच्या गटाविरुद्ध गाणं केलं होतं. त्यानंतर कीफच्या ट्विटर अकाउंटवरून त्याच्या मरणाची टिंगल झाली. मग 'अकाउंट हॅक झालं होतं' असा खुलासा आला. ज्या गाण्यांत खऱ्या गटांची नावं घेतली जातात आणि ऐकणाऱ्याला ती खरी माणसं कुठल्या गल्लीत भेटतील हेही ठाऊक असतं, ती मी नुसती बीट म्हणून कशी ऐकू? त्याच शहरातला लुपे फियास्को या पोराची भीती वाटते म्हणाला होता. तो काही शहरी वर्तमानपत्राचा संपादक नव्हता, स्वतः तिथेच वाढलेला रॅपर आहे.

ठेका_धरा
धागाकर्त्याशी सहमत. फुकट मिक्सटेपची जादूच ती होती. दुकान नाही, रेडिओ नाही, डाउनलोड करा आणि मित्राला द्या. मोठी माणसं नंतर आली. मे महिन्यात कान्ये वेस्ट या बड्या रॅपरने त्या गाजलेल्या गाण्याचा रीमिक्स काढला, त्यात केलेले बदल यंग चॉपला आवडले नव्हते आणि तो तसं उघड बोललाही. मग इंटरस्कोप या मोठ्या लेबलचा करार. डिसेंबरमध्ये अल्बम आला, 2014 ला लेबलने त्याला सोडून दिलं. पोरगा धोकादायक आहे हे त्यांना करार करताना माहीत नव्हतं का? चांगलंच माहीत होतं, विकायला तेच तर हवं होतं.

तळ्याकाठी
मी नेपरव्हिलला राहते, शिकागोहून तासाभरावर. 2012 ला शहरात 500 च्या वर खून झाले आणि इथल्या बातम्यांत या पोराचा चेहरा सारखा दाखवायचे. त्याच वेळी आमच्या गल्लीतली, कधी साउथ साइडला पाय न ठेवलेली मुलं गाडीच्या काचा खाली करून हीच गाणी लावायची. मला राग त्या मुलांचा नाही आला, बातम्यांचा आला. कारण त्यात कुणी हे सांगत नव्हतं की 2000 नंतर शहराने सरकारी वसाहतींचे टॉवर एकामागून एक पाडले, रॉबर्ट टेलर होम्ससारख्या. हजारो कुटुंबं विखुरली, जुन्या टोळ्यांची उतरंड मोडली आणि प्रत्येक ब्लॉकची वेगळी टोळी झाली. 2013 ला शहराने सुमारे 50 शाळा बंद केल्या, बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या. मिक्सटेपने ही आग लावली नाही. पण नाशिककर म्हणतात तेही मला टाळता येत नाही, त्या आगीत तेल तर पडलंच.

गल्लीबोळ
आपल्याकडे एप्रिल 2023 मध्ये '50 खोके'च्या रॅपवरून गुन्हा दाखल झालाच की. रॅपरच्या तोंडाला कुलूप लावायची घाई सगळीकडे सारखीच.

नाशिककर
गल्लीबोळ, ही तुलना मला पटत नाही. तिथे सत्तेवर टीका होती. ड्रिलमध्ये पलीकडच्या गल्लीतल्या मेलेल्या पोराची टवाळी असते. दोन्हींना एकाच तागडीत तोललंत तर पहिल्याचाच अपमान होतो. आणि मी बंदी मागितलेली नाही. एखादी गोष्ट थोर म्हणताना तिची किंमत कुणी मोजली तेही त्याच परिच्छेदात लिहा, एवढंच म्हणतोय.

खर्ज
नाशिककर, मागणी रास्त आहे. मग बंदीचंही तिथेच लिहू. जुलै 2015 मध्ये इंडियानातल्या हॅमंडला कीफने होलोग्रामने कार्यक्रम केला. स्वतः तो कॅलिफोर्नियात होता. कार्यक्रम मारल्या गेलेल्या मित्रासाठी होता, आणि त्या खुनानंतर पळणाऱ्या गाडीने धडक दिलेल्या तान्ह्या बाळासाठी. त्याने हिंसा थांबवा म्हणून सांगितलं, एक गाणं झालं आणि पोलिसांनी वीज तोडली. प्रकाशाच्या आकृतीला! 16 व्या वर्षी त्याने जे म्हटलं ते सगळीकडे वाजलं, आणि 19 व्या वर्षी तो दुसरं काही म्हणायला उभा राहिला तेव्हा एका गाण्यात गप्प केला गेला. लोकांनी त्याला कसं घेतलं म्हणतो ते हेच.

नाशिककर
होलोग्राम बंद करणं चूकच होतं, त्यात वाद नाही. पण त्याला तो दुसरा डाव तरी मिळाला. जून 2024 मध्ये शिकागोजवळ ब्रिजव्ह्यूला तो पुन्हा स्टेजवर गायला, 28 वर्षांचा होऊन. जोजो 18 चाच राहिला. यंग चॉपची बीट मी आज पुन्हा लावली. तुम्ही वर्णन केलंय तशीच आहे, जबरदस्त. माझं मत मात्र तेच.